दारापाशी जागा उरली नाही तेव्हा



संत मार्कच्या शुभवर्तमानातील दुसऱ्या अध्यायाची सुरुवात आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. प्रभू येशू कफर्णहूम येथे एका घरात शिकवण देत आहे. घर माणसांनी गच्च भरले आहे, दारापाशीही पाय ठेवायला जागा नाही. तेवढ्यात चार माणसे एका पक्षाघाती माणसाला बाजेवर घालून आणतात. दारातून आत शिरणे शक्य नाही, म्हणून ते वर चढतात, छप्पर उसकटतात आणि बाज थेट प्रभूच्या पुढ्यात खाली सोडतात.

या उताऱ्यावर बोलताना आपण सहसा पापक्षमेचा विचार करतो व ते योग्यच आहे. परंतु आज एका साध्या गोष्टीकडे लक्ष देऊ या. त्या गर्दीत दुष्ट असे कोणीच नव्हते. सारे चांगल्या हेतूने आले होते. तरीही ज्याला आत जाण्याची सर्वांत अधिक गरज होती, तोच नेमका बाहेर राहिला होता!

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांत जगभरातील रुग्णालयांच्या दारात हेच दृश्य दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही महामारी असल्याचे सांगितले आणि ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. आज मास्क कपाटात गेले, ऑक्सिजनची धावाधाव आठवणीत गेली. मात्र नवे साथीचे रोग पुढेही येणार, असे तज्ज्ञ सांगतात. घर शाकारायचे ते पाऊस येण्याआधी, हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते. म्हणून या शांततेच्या दिवसांत आपण तीन प्रश्नांचा अभ्यास करू या. रुग्णालयाचे दार का तुंबते? जागा थोडी असताना आधी कोणाला घ्यावे? आणि बाज उचलणारे ते चौघे आज कोण?

१. बेर्गामो : एका सधन जिल्ह्याची कथा

उत्तर इटलीतील लोम्बार्डी हा त्या देशाचा श्रीमंत प्रदेश. लोकवस्ती सुमारे एक कोटी. त्यातील बेर्गामो हा प्रांत म्हणजे आपल्या भाषेत जिल्हाच. त्याची लोकसंख्या ११ लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांहून थोडी अधिक होती. म्हणजे हा जिल्हा साधारण आपल्याच आकाराचा, असे समजायला हरकत नाही.

बेर्गामोशी आपले आणखी एक नाते आहे. दुसरी व्हॅटिकन परिषद बोलावणारे संत पोप जॉन तेविसावे हे याच जिल्ह्यातील सोत्तो इल मोन्ते या खेड्यात १८८१ साली एका शेतकरी कुटुंबात जन्मले. पहिल्या महायुद्धाच्या काळात तरुण धर्मगुरू असताना त्यांनी बेर्गामोच्या लष्करी रुग्णालयांत जखमी सैनिकांची सेवा केली होती. आज त्या शहरातील सर्वांत मोठे, सुमारे ९०० खाटांचे आधुनिक रुग्णालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

२० फेब्रुवारी २०२० च्या रात्री लोम्बार्डीतील कोदोन्यो या छोट्या गावच्या रुग्णालयात एका तरुण रुग्णाला कोविड असल्याचे निष्पन्न झाले. तो चीनला गेलेला नव्हता. त्या वेळच्या नियमांप्रमाणे त्याची चाचणी करण्याचे कारणच नव्हते. आन्नालिसा मालारा या भूलतज्ज्ञ डॉक्टरबाईंनी नियमापलीकडे जाऊन चाचणीचा आग्रह धरला, म्हणून रोगाचा माग लागला. तोपर्यंत रोग गावोगाव पोहोचला होता. २३ फेब्रुवारी रोजी बेर्गामोजवळील आल्झानो येथील रुग्णालयात कोविडचे रुग्ण सापडले. तेथील तातडीचा विभाग बंद करण्यात आला आणि काही तासांतच पुन्हा उघडण्यात आला. कोदोन्यो परिसरातील गावे ताबडतोब बंद केली गेली. आल्झानो व शेजारचे नेम्ब्रो मात्र ८ मार्चला संपूर्ण लोम्बार्डी बंद होईपर्यंत उघडेच राहिले.

पुढे काय झाले ते जगाने पाहिले. त्या मार्च महिन्यात बेर्गामो जिल्ह्यातील मृत्यूंची संख्या आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा ५६८ टक्क्यांनी वाढली. म्हणजे एरवी जिथे एक अंत्यविधी व्हायचा, तिथे साडेसहाहून अधिक! स्थानिक वृत्तपत्राची निधनवार्तांची दोन-तीन पाने वाढून दहावर गेली. १८ मार्चच्या रात्री लष्कराच्या ट्रकांची रांग शवपेट्या घेऊन शहराबाहेर निघाली, कारण तेथील दफनभूमी आणि दहनगृह अपुरे पडले होते. आज इटलीत १८ मार्च हा या साथीतील मृतांचा राष्ट्रीय स्मृतिदिन म्हणून पाळला जातो.

त्या धर्मप्रांतात वीसहून अधिक धर्मगुरू त्या वसंत ऋतूत मृत्यू पावले. मरणाऱ्यांच्या उशाशी धर्मगुरू पोहोचू शकत नव्हते. तेव्हा बेर्गामोचे बिशप फ्रान्चेस्को बेस्की यांनी घरच्या माणसांनाच, त्यांच्या बाप्तिस्म्याच्या अधिकाराने, आपल्या मरणासन्न आईवडिलांना आशीर्वाद द्यायला सांगितले. बंधू-भगिनींनो, या गोष्टीवर क्षणभर थांबून विचार करा. मुलाने बापाच्या कपाळावर क्रूसाची खूण करायची! एरवी आपल्या घराघरांतून संध्याकाळच्या रोझरीनंतर मुले वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद घेतात, तेथे तो उलट दिशेने वाहिला.

२. दार का तुंबते?

एवढा श्रीमंत प्रदेश, एवढी अद्ययावत रुग्णालये, तरी दोन-तीन आठवड्यांत हे सारे का कोलमडले? पुष्कळांना वाटते, कॅज्युअल्टीत गर्दी होते ती फक्त माणसे जास्त येतात म्हणून. ते अर्धेच खरे आहे. कॅज्युअल्टीला तीन दारे असतात, असे समजा. एका दाराने रुग्ण आत येतो. दुसरे दार वरच्या वॉर्डाकडे किंवा अतिदक्षता विभागाकडे जाते. तिसरे दार घराकडे जाते. मागची दोन दारे बंद पडली की पुढचे दार आपोआप तुंबते. पाण्याला पुढे वाट उरली नाही की पन्हळ तुंबावी, तसेच हे आहे.

एक साधा हिशेब करून पाहू. एखाद्या रुग्णालयात अतिदक्षता विभागाच्या १० खाटा आहेत. महिन्याचे ३० दिवस, म्हणजे हाती एकूण ३०० ‘खाट-दिवस’. एरवी एक रुग्ण सरासरी ४ दिवस राहतो असे धरले, तर महिन्यात ७५ रुग्णांची सोय होते. आता असा आजार आला, की प्रत्येक रुग्णाला १५ दिवस खाट लागते. त्याच १० खाटांवर महिन्यात केवळ २० रुग्ण बसतात. रुग्णांची संख्या एकानेही वाढली नाही, तरी ५५ जणांना जागा नाही! कोविडने हेच केले. रुग्ण वाढले आणि प्रत्येक रुग्ण अधिक दिवस राहिला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या.

लोम्बार्डीत साथीपूर्वी अतिदक्षता विभागाच्या सुमारे ७२० खाटा होत्या आणि हिवाळ्यात त्यांपैकी ८५ ते ९० टक्के नेहमीच भरलेल्या असत. म्हणजे पाहुण्यासाठी ओसरीवर जागाच ठेवलेली नव्हती. आपण सारे खाट रिकामी दिसली की ‘वाया जाते’ असे म्हणतो. पण संकटकाळासाठी राखलेली जागा ही वाया गेलेली जागा नसते. अग्निशामक दलाचा बंब उभा असतो, म्हणून कोणी त्याला निरुपयोगी म्हणत नाही.

खाट म्हणजे तरी काय? लोखंडी पलंग आणि गादी आठवड्यात विकत आणता येते. पण त्या पलंगाशी रात्रभर उभी राहणारी परिचारिका तयार व्हायला वर्षे लागतात. बेर्गामोच्या प्रदर्शन केंद्रात निवृत्त पहाडी सैनिकांच्या संघटनेने, कारागिरांनी आणि स्थानिक फुटबॉल संघाच्या चाहत्यांनी मिळून जेमतेम दहा दिवसांत तात्पुरते रुग्णालय उभारले. ६ एप्रिल २०२० पासून ते सुरू झाले. खिळे ठोकणारे हात गावातच होते. रुग्णांना हाताळणारे हात मात्र बाहेरून आणावे लागले, अगदी रशियाच्या लष्करी वैद्यकीय पथकापर्यंत. दरम्यान डॉक्टरही मरत होते. ९ एप्रिलपर्यंत इटलीत कोविडने मृत्यू पावलेल्या डॉक्टरांची संख्या शंभरावर गेली होती.

बेर्गामोच्या त्या मोठ्या रुग्णालयातील डॉक्टरांनी २१ मार्च २०२० रोजी एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एक लेख प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे फार मोलाचे आहे. आमची व्यवस्था रुग्णालयाभोवती बांधलेली होती, ती समाजाभोवती असायला हवी होती, असे त्यांनी लिहिले. सौम्य आजाराचे लोकही रुग्णालयात आले आणि रुग्णालयेच रोग पसरवण्याची ठिकाणे बनली. ज्यांना घरी ऑक्सिजन देता आला असता, ज्यांच्या घरी डॉक्टर किंवा परिचारिका जाऊ शकली असती, त्यांना तिथेच सांभाळले असते तर कॅज्युअल्टीचे दार मोकळे राहिले असते.

३. जे आलेच नाहीत

गर्दीचा एक बळी असा असतो, की जो गर्दीत दिसतच नाही. तो म्हणजे दार तुंबलेले पाहून घरीच थांबलेला रुग्ण.

इटलीतील हृदयरोगतज्ज्ञांनी ५४ रुग्णालयांतील नोंदी तपासल्या. मार्च २०२० मधील एका आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याने दाखल होणाऱ्यांची संख्या आदल्या वर्षीच्या त्याच आठवड्याच्या तुलनेत जवळजवळ निम्म्यावर आली होती. झटके कमी आले होते काय? नाही. लोक येत नव्हते. आणि जे आले ते उशिरा आले. त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण ४.१ टक्क्यांवरून १३.७ टक्क्यांवर गेले. लोम्बार्डीतील चार जिल्ह्यांत साथीच्या पहिल्या ४० दिवसांत घरी किंवा रस्त्यात हृदय बंद पडलेल्यांची संख्या आदल्या वर्षीच्या २२९ वरून ३६२ झाली.

आपल्याकडेही कुणी छातीतली कळ ‘गॅस असेल’ म्हणून रात्रभर सोसली, कुणी डायलिसिस चुकवले, कुणाची कर्करोगाची तपासणी लांबली. अशांची नावे साथीच्या यादीत आली नाहीत. कफर्णहूमच्या त्या पक्षाघाती माणसाला ते चौघे भेटले नसते, तर तोही घरीच पडून राहिला असता आणि शुभवर्तमानात त्याचा उल्लेखही आला नसता!

४. आधी कोण?

आता सर्वांत कठीण प्रश्नाकडे वळू या. खाट एक आणि रुग्ण तिघे असतील तर ती कोणाला द्यावी?

आपल्या मनात रांगेचा न्याय पक्का बसलेला आहे. जो आधी आला, त्याचा नंबर आधी. रेशनच्या दुकानात तो बरोबर आहे. कॅज्युअल्टीत तो चालत नाही. तिथे रुग्ण पाहून, त्याची नाडी, श्वास, रक्तदाब तपासून क्रम लावतात. याला ‘ट्रायाज’ म्हणतात. हा फ्रेंच शब्द आहे, अर्थ निवडणे किंवा वर्गवारी करणे. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यविशारद डोमिनिक लारे यांनी रणांगणावर नियम घातला, की हुद्दा न पाहता जखम पाहायची. सेनापती असो वा साधा शिपाई, ज्याची जखम अधिक गंभीर त्याला आधी हात लावायचा. त्या काळात ही केवढी क्रांती होती! म्हणून कॅज्युअल्टीत आपल्या नंतर आलेला रुग्ण आपल्या आधी आत गेला, तर पुष्कळदा ती लबाडी नसते, न्याय असतो. आणि आपल्याला बाकावर थांबायला सांगितले, याचा अर्थ बहुधा आपण त्याच्याहून बरे आहोत, असा असतो.

परंतु महामारीत प्रश्न याहून बिकट होतो. तिथे गंभीर रुग्णांमधूनच निवड करावी लागते. ६ मार्च २०२० रोजी इटलीतील भूलतज्ज्ञ व अतिदक्षता तज्ज्ञांच्या संघटनेने एक मार्गदर्शिका काढली. अतिदक्षता विभागात घेण्यासाठी वयाची मर्यादा घालावी लागण्याची वेळ येऊ शकते, असे तिच्यात म्हटले होते. त्यावर मोठा वाद झाला. हे डॉक्टर निर्दय नव्हते. आपल्या तरुण सहकाऱ्यांना मध्यरात्री एकट्याने असा निर्णय घ्यावा लागू नये, म्हणून त्यांनी लिहून ठेवले होते. तरीही प्रश्न उरतोच. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचे आयुष्य कमी मोलाचे आहे काय?

यावर ख्रिस्तसभेने स्पष्ट भूमिका घेतली. जीवनविषयक परमधर्मपीठीय अकादमीने ३० मार्च २०२० रोजी काढलेल्या पत्रकात सांगितले, की वय हा एकमेव आणि आपोआप लागू होणारा निकष होऊ शकत नाही. तसेच साधनांची वाटणी करण्याची वेळ हा शेवटचा मार्ग असावा. त्याआधी दुसऱ्या रुग्णालयात हलवणे, साधने मिळवणे, असे सर्व उपाय करून पाहिले पाहिजेत. पुढे इटलीतील त्याच तज्ज्ञांच्या सुधारित मार्गदर्शिकेतही केवळ वयावरून निर्णय नको, रुग्णाची एकूण प्रकृती पाहावी, असे मांडले गेले.

येथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला शिकले पाहिजे. ‘या उपचाराने हा रुग्ण वाचण्याची शक्यता किती?’ हा वैद्यकीय प्रश्न आहे आणि तो विचारणे पाप नव्हे. ‘या माणसाची किंमत किती?’ हा प्रश्न मात्र ख्रिस्ती माणसाने विचारायचाच नाही. वृद्ध, अपंग, मतिमंद, गरीब, परप्रांतीय मजूर यांची किंमत डॉक्टरांनी ठरवायची नसते आणि आपणही नाही. ती देवाने आधीच ठरवलेली आहे. आणि ज्याला व्हेंटिलेटर देता येत नाही, त्याला सोडून देता येत नाही. वेदना कमी करणे, तोंडात पाणी घालणे, हात धरणे, प्रार्थना करणे यासाठी खाटांचा तुटवडा आड येत नाही.

येथे एका गोष्टीबद्दल सावध करावेसे वाटते. बेर्गामो जिल्ह्यातील एका ७२ वर्षांच्या धर्मगुरूंनी आपला व्हेंटिलेटर तरुण रुग्णाला देऊन मरण पत्करले, अशी बातमी त्या मार्चमध्ये जगभर फिरली. ते धर्मगुरू कोविडने मरण पावले, हे खरे. ते लोकांचे लाडके होते, हेही खरे. पण व्हेंटिलेटरची गोष्ट जशी सांगितली जात होती तशी घडली नव्हती, असे तेथील जबाबदार मंडळींनी लवकरच स्पष्ट केले. एखादी गोष्ट आपल्याला भावली म्हणून ती सत्य ठरत नाही. अशा बातम्यांमुळे नकळत एक समज पसरतो, की चांगल्या वृद्ध माणसाने खाट सोडूनच द्यायची असते. त्याग हा ज्याचा त्याने स्वेच्छेने करायचा असतो. तो इतरांनी कोणावर लादायचा नसतो!

५. मुंबईचे उघडलेले छप्पर

आता आपल्या घराजवळ येऊ. २०२१ चा एप्रिल कोण विसरेल? २१ एप्रिल रोजी नाशिक महापालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला आणि २२ रुग्ण दगावले. दोनच दिवसांनी, २३ एप्रिलच्या पहाटे, आपल्या विरारमध्ये एका खाजगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि त्याच दिवशी १३ रुग्णांचा मृत्यू झाला. जे वाचण्यासाठी आत गेले होते, ते आतच गेले. त्यांच्या कुटुंबांसाठी आपण आजही प्रार्थना करू या. ताणाखाली असलेल्या रुग्णालयात केवळ डॉक्टरच थकत नाहीत, तर विजेच्या तारा, वातानुकूलन यंत्रे आणि ऑक्सिजनच्या नळ्याही थकतात, हे आपण त्या आठवड्यात शिकलो.

परंतु त्याच काळात मुंबईत एक चांगले कामही झाले. साथीच्या सुरुवातीला मुंबईचे लोक रुग्णाला घेऊन या रुग्णालयातून त्या रुग्णालयात खाट शोधत फिरत होते. २०२० च्या जूनमध्ये महापालिकेने आपल्या २४ प्रभागांत प्रत्येकी एक नियंत्रण कक्ष सुरू केला. लोक त्यांना ‘वॉर रूम’ म्हणत. चाचणीचा अहवाल या कक्षांकडे जाई. तेथून रुग्णाला फोन होई, त्याची प्रकृती पाहून घरी राहायचे की खाट द्यायची हे ठरे आणि गरज असल्यास रुग्णवाहिका धाडली जाई. म्हणजे ट्रायाज रुग्णालयाच्या दारातून उचलून रुग्णाच्या घरी नेला गेला. वांद्रे-कुर्ला संकुल, गोरेगाव, वरळी येथे मोठी तात्पुरती केंद्रे उभी राहिली. १६ आणि १७ एप्रिल २०२१ च्या दरम्यानच्या रात्री सहा रुग्णालयांत ऑक्सिजन संपत आला, तेव्हा १६८ रुग्णांना हलवून वाचवण्यात आले. मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मुंबईच्या ऑक्सिजन व्यवस्थापनाचा आदर्श घ्यावा असे सुचवले.

सर्व काही सुरळीत झाले असे कोणी म्हणणार नाही. माणसे गेली, पैसे गेले, दुःख झाले. पण तत्त्व लक्षात घेण्यासारखे आहे. दार तुंबले म्हणून कुणी दाराशी भांडत बसले नाही. दुसरी वाट शोधली. त्या चौघांनी छप्पर उघडले, ते असेच.

६. बाज उचलणारे चौघे

प्रभूने त्या पक्षाघाती माणसाला बरे केले ते ‘त्यांचा’ विश्वास पाहून, असे शुभवर्तमान सांगते. त्यांचा, म्हणजे बाज आणणाऱ्यांचा. धर्मग्राम म्हणून आपल्याला त्या बाजेचे चार कोपरे उचलायचे आहेत.

पहिला कोपरा – ओळख. कुठे जायचे आणि कधी, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवे. छातीत दाबल्यासारखे दुखणे व घाम येणे, श्वास घेताना वाक्य पुरे न होणे, अचानक तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोबडी वळणे, शुद्ध हरपणे, न थांबणारा रक्तस्राव, सर्पदंश. यांपैकी काहीही असेल तर कॅज्युअल्टीच गाठायची. थांबायचे नाही. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्यात वसईच्या रस्त्यांवरील गर्दी धरा! उलट साधा ताप, जुना खोकला, पट्टी बदलणे यासाठी आपले नेहमीचे डॉक्टर किंवा जवळचे आरोग्य केंद्र बरे. कोविडसारख्या साथीत ऑक्सिजनचे प्रमाण ९४ च्या खाली गेले की डॉक्टरांना लगेच कळवायचे, हा नियम आपण शिकलो होतो. तो विसरू नका.

दुसरा कोपरा – वाहतूक. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक आपल्या मोबाइलमध्ये आणि घराच्या भिंतीवर असावा. वाडीतील कोणाकडे गाडी आहे, रात्री कोण चालवू शकतो, एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घराची किल्ली कोणाकडे आहे, याची यादी प्रत्येक लहान ख्रिस्ती समूहाने करावी. मुले परदेशी आणि आईबाबा गावी, अशी घरे आपल्याकडे काही थोडी नाहीत.

तिसरा कोपरा – कागद आणि पैसा. प्रत्येक ज्येष्ठाची एक फाइल असावी. चालू औषधे, कशाची ॲलर्जी, रक्तगट, जुने आजार, विमा किंवा शासकीय योजनेची कागदपत्रे. मध्यरात्री शुद्ध हरपलेल्या रुग्णाच्या डॉक्टरला ही फाइल अर्ध्या तासाचा वेळ वाचवून देते. नागरिक म्हणून आपण आणखी एक गोष्ट विचारली पाहिजे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यावरील सरकारी खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे ध्येय ठेवले होते. मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला रस्ते आणि पाण्याबरोबरच आपल्या तालुक्यातील खाटा आणि परिचारिका यांविषयी विचारण्याचा आपला हक्क आहे, किंबहुना ते आपले ख्रिस्ती कर्तव्य आहे.

चौथा कोपरा – सोबत आणि संयम. एका रुग्णाबरोबर एक माणूस पुरे. दहा जण कॅज्युअल्टीच्या दारात उभे राहिले तर आपणच ती कफर्णहूमची गर्दी होतो. बाकीच्यांनी घरी स्वयंपाक करावा, मुले सांभाळावीत, रोझरी करावी. आणि दुःखाच्या भरात डॉक्टर-परिचारिकांवर हात उगारू नये. महाराष्ट्रात २०१० पासून त्याविरुद्ध कायदा आहे. पण आपल्यासाठी कायद्याची गरजच पडू नये. आपल्या धर्मग्रामातील कितीतरी मुली परिचारिका आहेत. आपण मठातल्या भगिनीला सिस्टर म्हणतो आणि वॉर्डातल्या परिचारिकेलाही सिस्टरच म्हणतो. त्या एकाच हाकेत केवढा मान दडला आहे!

शेवटी, त्या कथेचा शेवटही पाहा. बरा झालेल्या माणसाला प्रभू तिथे बसवून ठेवत नाही. बाज उचलून घरी जाण्यास सांगतो. ज्या बाजेने त्याला आणले, तीच तो स्वतः घेऊन जातो आणि त्याची जागा मोकळी होते. रुग्णालयातून डॉक्टर घरी जायला सांगतात, तेव्हा ‘अजून दोन दिवस राहू द्या’ असा आग्रह आपण धरतो. क्वचित तो योग्यही असतो. पण आपल्या घरी सांभाळणारी माणसे असतील, शेजारी डबा देणार असेल, तर आपण सोडलेल्या त्या खाटेवर कॅज्युअल्टीत वाट पाहणारा कोणीतरी रात्रीपर्यंत पोहोचलेला असेल. घराचे दार उघडे असणे हीसुद्धा रुग्णालयाची सेवाच आहे.

लहान ख्रिस्ती समूहात चर्चेसाठी :

१. आपल्या समूहात एकटी राहणारी किंवा अंथरुणाला खिळलेली माणसे कोण? रात्री दोन वाजता त्यांनी हाक मारली तर कोण जाईल?
२. ‘आता वय झाले, कशाला उपचार?’ असे आपण कोणाबद्दल म्हणतो काय? तो वैद्यकीय सल्ला असतो की आपली सोय?
३. आपल्या धर्मग्रामातील डॉक्टर, परिचारिका आणि वॉर्डबॉय यांच्यासाठी आपण काय करू शकतो?

प्रार्थना : हे प्रभो येशू, दारात अडलेल्या रुग्णाकडे तू छपरातून पाहिलेस. आमच्या गर्दीत जो मागे राहिला आहे, तो आम्हांला दिसू दे. आजाऱ्यांना धीर दे, त्यांची सेवा करणाऱ्यांच्या हातांना बळ दे आणि आम्हांला बाजेचा एक कोपरा उचलण्याची बुद्धी दे. आमेन.